साडेसात मिलीचा वाद

सोमवार, ४ मार्च
नातीला ताप. तीन वर्षांची पोर, मलूल होऊन पडली आहे. डॉक्टरने पातळ औषध दिले. चिठ्ठीवर साडेसात मिली. हा आकडा आला कुठून, विचारले. म्हणाला, वजनावरून काढतो काका, किलोला पंधरा मिलिग्रॅम. याला मिसरूड फुटून चार दिवस झाले. मी चौतीस वर्षे गणित शिकवले.

कमरेचा पट्टा पुन्हा आखडला. हल्ली चामड्यात दम नाही.

मंगळवार, सकाळ
चहाच्या चमच्याने औषध ओतत होतो. सूनबाईने चमचा हातातून काढून घेतला! म्हणे, बाबा, घरातला चमचा म्हणजे माप नव्हे. बिनसुईची सिरिंज हातात कोंबली. मुलगा पेपरात तोंड खुपसून बसला. घरभेदी.
संकल्प: कोणाशीही बोलणार नाही.

संध्याकाळ
बोललो. ताप उतरत नाही म्हणजे डोस चुकला, हे उघड आहे. सूनबाई म्हणाली, ताप दोन-तीन दिवस राहील असं डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांनी! उठता बसता तेच.

बुधवार, दुपारी १
सूनबाई ऑफिसात. दोनचा डोस माझ्याकडे. चिठ्ठी बाजूला ठेवली. वजनकाटा काढला. पोर काट्यावर एक क्षण स्थिर राहीना. मग तिला कडेवर घेऊन मीच उभा राहिलो. दोघांचे मिळून ब्याण्णव. माझे बहात्तर. निवृत्तीच्या दिवशी होते तेच आजही आहे, रोज फिरतो. वजा करून नात वीस किलो. गुणिले पंधरा, तीनशे मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिले आहे, पाच मिलीत एकशे वीस. म्हणजे साडेबारा मिली!
त्या पोराने माझ्या नातीला उपाशी ठेवल्यासारखे औषध दिले. त्याला कोर्टात खेचीन.

१.४०
सिरिंज दहाचीच. दोनदा भरावी लागेल. आधी सूनबाईला फोन लावतो. तिची जिरली पाहिजे.

१.५०
हसली नाही, ओरडली नाही. म्हणाली, दवाखान्यात बारा भरली होती, वीस कशी होईल? तुमचं किती धरलंत? बहात्तर, म्हटले. मग म्हणाली, बाबा, काही देऊ नका. हात लावू नका. मी येते.

३.१०
आली. चपला न काढता काट्याकडे बोट दाखवले. एकटा उभा राहिलो.
ऐंशी.
तिने बारा गुणिले पंधरा, एकशे ऐंशी, साडेसात मिली, असे माझ्याच पाटीवर लिहून दाखवले. नातीला औषध पाजले. फोन केला नसता तर, एवढेच डोक्यात घोळते आहे.

गुरुवार
ताप उतरला. औषध आता सूनबाई देते. मी नातीला मांडीवर धरतो. त्याला गणित लागत नाही.

वजन: ऐंशी. खिशात चष्मा होता.