ॲल्युमिनियम लाल होत नाही

५ फेब्रुवारी २०२४

आज पुन्हा तेच! गिऱ्हाईक शेडमध्ये आलं आणि मला ओलांडून थेट बाबारावकडे गेलं. "गाडीच्या एसीचा पाइप फुटला आहे, बाबारावच जोडतील." मग मी इथे काय माश्या मारायला बसलोय? पोटात आग पडते. इथे लिहून टाकतो, म्हणजे घरी बायकोवर, कांतावर निघणार नाही.

भिलाईच्या स्टील प्लांटात आम्ही दोघंही वेल्डर. स्पर्धेत पहिला मी, बाबाराव माझ्या मागे. रिटायर झाल्यावर जवळच कोहक्यात भागीदारीत शेड घेतलं, तर गाड्यांचं ॲल्युमिनियम त्याचं झालं आणि गंजके बंपर माझ्या वाट्याला. घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय.

७ फेब्रुवारी

बाबाराव जेवायला गेला तेव्हा एक जुना ॲल्युमिनियमचा पाइप गुपचूप घेतला. गॅसची टॉर्च लावली आणि लाल व्हायची वाट पाहिली. जन्मभर लोखंड तापवलं, रंग बघून हात चालतो. हे बेटं लाल होतच नाही! पांढरंच राहिलं आणि एकाएकी गळून पडलं. भंगाराखाली लपवलं.

तो आल्यावर सहजच विचारलं, ॲल्युमिनियम पुरतं तापलं हे तुला कसं कळतं रे?

"अंदाज येते," म्हणाला आणि हसला. ते हसणं पाहून डोकं सणकलं.

८ फेब्रुवारी

टॅक्सीवाले भैय्याजी अहिवारा रोडवर मोठं गॅरेज काढून राहिले. ॲल्युमिनियमच्या कामाला त्यांना एक उस्ताद हवा. ते आले होते बाबारावला विचारायला. मीच मध्ये बोललो — "आमी दोघंही आहो ना भैय्याजी, परीक्षा घ्या." येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी ठरलं. बाबारावचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

सापडलं! साबण!

परवा त्याच्या पेटीतल्या साबणानं हात धुतले तर केवढा खेकसला होता. "माहा साबण कावून घेतला?" मी म्हटलं, काय कंजूष माणूस. आज पत्र्याआडून पाहिलं. त्यानं पाइपावर साबणाची रेघ ओढली आणि टॉर्च फिरवत राहिला. रेघ काळी पडली, म्हणजे पाइप पुरता तापला, तशी जोडायची सळी टेकवली. सळी वितळून सांध्यात शिरली. एवढंच? एवढ्यासाठी दोन वर्षं मला झुलवलं. भागीदार म्हणे!

१२ फेब्रुवारी

जमलं. तीनदा बिघडलं, चौथ्यांदा जमलं. जोडलेला पाइप पाण्यात बुडवून हवा भरली — बुडबुडा नाही. आता बघतो, बाबारावचं तोंड कसं होतं.

१७ फेब्रुवारी

बाबारावचा डबा शेडमध्ये राहिला होता, तो द्यायला त्याच्या घरी गेलो. तो बाजारात गेलेला. हिरावहिनींनी चहा दिला. उद्याच्या परीक्षेचं बोलता बोलता हसून म्हणाल्या, "भाऊजी, हे प्लांटातून आले की रोज तुमचंच नाव. श्यामरावनं असं केलं, श्यामराव पयला आला. जेवत नोते कधी कधी. रिटायर झाल्यावर मले म्हणे, ज्याच्यात श्यामराव नाही असं कायतरी शिकतो. म्हून रायपूरले जाऊन हे ॲल्युमिनियम शिकले."

चहा तसाच राहिला. जन्मभर त्याच्या पोटात हीच आग होती, आणि मी शेजारी उभा राहून बक्षिसं घेत होतो. मला दोनच वर्षं झाली, तर झोप उडाली आहे.

१८ फेब्रुवारी

भैय्याजींनी टॉर्च आधी माझ्या हातात दिली. मी बाबारावकडे सरकवली. "मले नाही जमत हे. मले लोखंडच जमते." सगळ्यांसमोर म्हणालो.

त्यानं जोडला पाइप, काम त्यालाच मिळालं. संध्याकाळी पेढे घेऊन घरी आला, बोलायचा थांबेना. हेवा गेलेला नाही — खोटं कशाला लिहू? तरी पेढा खाल्ला, आणि दुसरा मागून घेतला.