गुंजी घोडी आणि तिचे दोन गाद्यांचे खोगीर शालूच्या नावे

मी माणिकबाई कोम किसनराव माळी, मोर्णाकाठच्या मौजे बोरखेडीची राहणारी, वय साठीच्या पुढे, हे मृत्युपत्र सांगून लिहवते. पाय सुजले आहेत, चार शब्दांमागे धाप लागते, वैदूने हात टेकले. पण डोके जागेवर आहे. कोणाच्या बांधावर कोणाची बाभळ आहे ते मी अजून पडल्यापडल्या सांगते. मला कोणी धाक घातलेला नाही. घातला असता तरी मी ऐकले नसते, हे गावाला ठाऊक आहे.

लिहिणारा देवीदास, गावच्या शाळेतला मास्तर. मला अक्षरओळख आहे ती लहानपणी भावाच्या धूळपाटीवर चोरून झालेली. जोडाक्षर आले की मी अडते. म्हणून मी सांगते, तो लिहितो. तो मध्येच म्हणतो, "आजी, असं मृत्युपत्रात लिहीत नसतात." मी म्हटले, "मरून कोण राहिलं, तू का मी? लिही."

कलम पहिले. हेच मुख्य, म्हणून आधी. तांबूस रंगाची घोडी, नाव गुंजी, तिचा लगाम, पोटाखालचा तंग आणि मी शिवलेले दोन गाद्यांचे खोगीर, हे सगळे माझी नात शालू, माझा मुलगा खुशाल याची मुलगी, हिला मिळावे. घोडी मी माझे गोठ आणि पाटल्या मोडून घेतली. ते दागिने माझ्या बापाने मला घातले होते. म्हणजे घोडी नवऱ्याची नाही, मुलाची नाही, माझी आहे. खुशालने अमरावतीच्या एका कापूस दलालाला शब्द देऊन ठेवला आहे की बुढीने डोळे मिटले की घोडी तुझी. आता गावोगाव कापूस पाहत फिरायला दलालांना तट्टे पुरत नाहीत, म्हणून घोडीला फार मागणी आहे. हे मला बाजारातून कळले, घरातून नाही. म्हणून हा कागद.

शालू कोण ते लिही, देवीदासा. तुला माहीत आहे, पण पुढे वाचणाऱ्याला काय माहीत? शालू माझी पहिली नात. ती झाली तेव्हा मी गावात गूळ वाटला. शेजारचा पुंजाराम म्हणाला, "पोट्टी झाली न वो माणिकबाई, मग गूळ कायचा?" मी म्हटले, "तुले नको असंल तर दे वापस." त्याने दिला नाही. पोर अशी टपोऱ्या डोळ्यांची, अशी हसरी, की भाकर थापताना मी तिच्याकडे पाहत राही आणि भाकर करपे. किसनराव तेव्हा होते. ते म्हणत, "आता आपल्याले जळकीच भाकर भेटंन."

मग ती रांगायची राहून चालायला लागली तेव्हा तिला ताप आला. ताप उतरला, पण उजवा पाय वाळला. तो वाळलाच. पोर उंबऱ्यात बसून राही. मी भाजीची पाटी घेऊन अकोल्याच्या बाजाराला निघाले की विचारी, "आजी, बजार केवढा असते?" मी म्हणे, आपल्या गावाएवढा. ती म्हणे, "मंग आपलं गाव केवढं हाय?" तिने गावसुद्धा पाहिले नव्हते. त्या दिवशी मी पाटल्या काढल्या.

घोडी आली, पण शालू तिच्यावर बसेना. बाजारातले खोगीर दोन्ही बाजूंनी सारखे. शालूची उजवी मांडी बारीक, तिला पकड नाही; घोडीने चार पावले टाकली की पोर उजवीकडे घसरे. मी एक बाजू चिंध्या घालून उंच केली, तर घोडीची पाठ सोलली. माझे सगळे उन्हाळे मळ्यात गेले, मला खोगिरातले काय कळणार? पण घोडीने मला शिकवले. ती दौडून आली की खोगीर काढून मी घाम पाहायची. जिथे केस घामाने ओले, तिथे गादी नीट बसली. मध्येच एखादा कोरडा डाग दिसला की समजायचे, इथे दाबते आहे, इथे उद्या जखम होणार. तो डाग पाहून शिवण उसवायची आणि पुन्हा घालायची. दुर्गा, माझी सून, म्हणे, "आत्याबाई, घोडीले लुगडं शिवून राहिल्या का?" शिवून राहिले होते. तिला काय त्याचे?

शेवटी जमले ते असे. हे नीट लिही, कोणी पुढे दुरुस्त करेल त्याच्यासाठी आहे. खोगीर एक नाही, दोन लांब गाद्या आहेत, डावी वेगळी, उजवी वेगळी. दोन्ही मधून नाड्यांनी बांधलेल्या, म्हणजे घोडीच्या कण्यावर काहीच टेकत नाही, वारा खेळतो. नाड्या सैल केल्या की गाद्या फाकतात, आवळल्या की जवळ येतात. पावसाळ्यानंतर घोडी चरून गोल होते तेव्हा सैल, उन्हाळ्यात हाडे निघतात तेव्हा आवळायच्या. प्रत्येक गादीला मागे तोंड आहे, पिशवीसारखे. त्यातून भरण काढता येते, घालता येते. घोडीच्या अंगाकडे धनगराची लोकर, कारण कापूस घामाने गोळा होतो. वर पोरीच्या बाजूला कापूस, मऊ. उजव्या गादीवर पुढे एक उशी आहे, शालूची मांडी तिच्या मागे अडकते. पोर वाढेल तशी ती उशी पुढे सरकवायची. तिच्यासाठी बंदांना घरे केली आहेत.

पहिल्यांदा शालू पडल्याशिवाय नदीपर्यंत गेली आणि आली, त्या दिवशी मी अंगणात नाचले. खरेच नाचले. पुंजारामाने कुंपणावरून पाहिले. आता ती बाजाराला जाते. घोडीवर बसूनच वांगी, कोथिंबीर विकते, आणि गिऱ्हाइकाशी माझ्यापेक्षा जास्त भांडते. अकोल्यातले लोक तिला घोडीवाली म्हणतात. आधी लंगडी म्हणत.

कलम दुसरे. घर किसनरावांचे, ते आपोआप खुशालचे. त्यात मी द्यायचे असे काही नाही.

कलम तिसरे. तांब्याचा हंडा दुर्गाला. हा हंडा तिने तिच्या भावाच्या लग्नात न विचारता नेला आणि पोचा पाडून आणला, वर म्हणाली पोचा आधीचाच. आधीचा नव्हता. तरी हंडा तिलाच. पोच्यासकट.

कलम चौथे. पुंजारामाला काही नाही. त्याने माझे खोगीर पाहायला म्हणून नेले आणि तसेच शिवले, पण मधल्या नाड्यांना वेळ लागतो म्हणून दोन्ही गाद्या सरळ जोडून टाकल्या. त्याच्या तट्टाच्या कण्यावर जखम झाली तर गावभर सांगत फिरला की माणिकबाईचे खोगीरच कुचकामी. त्याने हे वाक्य मागे घ्यावे. मी असताना घेतले तर बरे.

कलम पाचवे. मळ्याबद्दल. मळा खुशालचा झाला, आणि त्याने तिथली वांगी, मेथी, लसूण सगळे उपटून कापूस पेरला. अख्खा वऱ्हाड तेच करून राहिला आहे, त्यात त्याला एकट्याला दोष कसा देऊ? विलायतेत कुठेतरी लढाई आहे म्हणतात, त्यामुळे इथे बोंडाला सोन्याचा भाव. लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला. लेकराच्या दुपट्यातला विकला. आणि गेल्या दिवाळीत खुशालने घोडीचे खोगीर उसवून त्यातला कापूस विकला आणि त्यात कडब्याचा भुसा भरला. मला सांगितले नाही. भुसा एका बाजूला सरकला, गादीचा काठ घोडीच्या पाठीत रुतला, गुंजी उधळली आणि शालू वाळूत पडली. पोरीचा खांदा निखळला. तो हाडवैद्याने बसवला, आणि गाद्यांत कापूस मी पुन्हा भरला. त्या कापसाच्या पैशांतून खुशालने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. मी त्याला म्हटले, "अरे, बैलाले चांदी आन् पोरीले भुसा?" तो म्हणाला, "माय, पोरीले कोण पाहते? बैल सारं गाव पाहते."

खुशाल वाईट नाही. लहानपणी पाखराला दाणे टाकायचा. कापसाच्या भावाने त्याचे डोके फिरले आहे. पण भाव उतरेपर्यंत माझी छाती थांबणार नाही.

इथे लिहिणे थांबले होते. का थांबले तेही लिही, देवीदासा, काही वगळू नको.

खुशाल बाजारातून आला. दारातूनच ओरडला, "काय लिहून राहिले? कायचं मृत्युपत्र?"

देवीदासाने वाचून दाखवले. पहिले कलम ऐकून खुशाल हसला. म्हणाला, "माय, थे तू मेल्यावरचं झालं. घोडी उद्या चालली. दलालाचा माणूस उद्या सकाळी येऊन राहिला. मंग लिहीत बस कायले लिहायचं थे."

मी म्हटले, "तू तर दलालाले मी मरेपर्यंत थांब म्हणला होता."

"त्याले घाई हाय. आन् तू काई लवकर मरून नाई राहिली."

"मंग शालूनं काय करावं?"

"पहिलं काय करत होती? बसंन उंबऱ्यात."

आणि तो बैलांना पाणी पाजायला नदीवर गेला. मी ओरडले, शिव्या दिल्या, मग हात जोडले, पण तोवर तो गेला होता. उठायला गेले तर पाय उचलेना. देवीदासाला विचारले, हा कागद त्याला अडवील का? तो खाली पाहून म्हणाला, "आजी, मृत्युपत्र मेल्यावर चालते. आज नाही."

मग मी आज मरावे का? तसे असेल तर तसे सांगा. मी श्वास दाबून पाहिला. तो मेला आपोआप येतो.

माझी मुलगी मैना बाळापूरहून मला पाहायला आलेली आहे. ती पायाशी बसली होती, रडत. मी तिला म्हटले, "रडणं मागून. तुझ्या गोठ्यात घोडीले जागा हाय का?" ती म्हणाली आहे. तिच्या घरी कापूस नाही, नवरा पानमळ्यात राबतो, आणि त्याला शालूची बडबड आवडते. मी शालूच्या आईकडे पाहिले. दुर्गा चुलीपाशी उभी होती. मला वाटले आता ही नवऱ्याला हाक मारेल. ती माजघरात गेली आणि शालूचे लुगडे, खण, फणी गाठोड्यात बांधून घेऊन आली. गाठोडे मैनाजवळ ठेवले.

कलम सहावे. हे मरणानंतरचे नाही. हे आत्ताचे. घोडी गुंजी आणि खोगीर मी, जिवंतपणी आणि साक्षीदारांसमोर, माझ्या हाताने शालूला दिले. शालू आत्याकडे बाळापूरला राहील. कोणी घोडी मागायला आले तर सांगावे, बुढीची होती, बुढीने देऊन टाकली. तिच्या आईची परवानगी आहे. बापाची नाही.

मी गुंजी खाटेपाशी आणायला लावली. पडल्यापडल्या हात घालून दोन्ही गाद्यांतले भरण चाचपले, नाड्या पाहिल्या. मांडीची उशी मी मैनाच्या हाताने बंदांच्या पुढच्या घरात बांधायला लावली. पोर वाढली आहे, मला कळलेच नव्हते. मैनाला सांगितले, घाम पाहत जा. कोरडा डाग दिसला की उसव. तिने तीनदा म्हणून दाखवले.

शालू म्हणाली, "आजी, तू बी चाल न."

मी म्हटले, "मी मागून येतो. तू हो पुढं."

"खरंच?"

"बाळापूरच्या बजारात माही जागा धरून ठेव."

ती हसली. अशी हसली की मला वाटले, बरे झाले, हेच हसणे मी पाहून घेतले. मग मैना पुढे चालली, गुंजी मागे, आणि पोर ताठ बसली होती. एकदाही उजवीकडे कलली नाही. बाभळीपर्यंत दिसली. पुढे मला दिसत नाही, डोळे पहिल्यासारखे नाहीत.

आता खुशाल येईल. तो काय करेल मला माहीत नाही. माझे त्याला जे करायचे ते करू दे, पण दुर्गावर हात उचलला तर पंचांनी त्याला विचारावे, हे मी या कागदात मागते. शालूवाचून हे घर कसे लागते ते मला आत्ताच कळून राहिले आहे. मरायला किती दिवस लागतील कोण जाणे. ते तिच्याशिवायच काढायचे. कलम पहिले खोडू नको, देवीदासा. राहू दे.

माझ्या हातात आता बांगडी नाही, तरी बायामाणसांची निशाणी बांगडीचीच असते, म्हणून मी तीच काढली आहे. वाकडी आली.

मुक्काम मौजे बोरखेडी, जिल्हा अकोला. शके १७८६, रक्ताक्षीनाम संवत्सर, पौष वद्य पंचमी, दुपार.

माणिकबाई कोम किसनराव माळी, निशाणी बांगडीची.

साक्षीदार:

नत्थुजी माळी, गावचे पंच, निशाणी नांगराची.

दुसरा साक्षीदार मिळेना. पुंजारामाला बोलावले, तो खुशालच्या भीतीने आला नाही. तेव्हा घरातूनच एक साक्ष झाली. लिहिणाऱ्याने "नवऱ्याविरुद्ध होईल" असे दोनदा सांगून पाहिले. साक्षीदार म्हणाली, "मास्तर, शाई आना."

दुर्गाबाई कोम खुशाल माळी, निशाणी बांगडीची.