अठ्ठ्याऐंशीचे चौऱ्याण्णव

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझ्या कानातलं मशीन पुन्हा रुसलंय असं वहिनींनी कळवलं, म्हणून फोनचा नाद सोडून कागद पुढ्यात घेतला. तिकडे तुम्ही दोघं बरे असाल असं धरून चालते. इकडे ह्यांची पाठ सोडली तर सगळं जागच्या जागी आहे.

स्पर्धेचं काय झालं म्हणून विचारलंस. आधी हे प्रकरण मुळापासून सांगते, कारण वहिनींना वाटतंय मी शाळेत नोकरी धरली. तसं नाही. सप्टेंबरात आमच्या कारखान्यामागच्या शाळेतले विज्ञानाचे सर आले. नववी-दहावीच्या सात मुलांना रोबोट बनवून स्पर्धेत उतरायचं होतं, आणि यंत्रातलं कळणारं कोणीतरी मोठं माणूस सोबतीला हवं होतं. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. वीस वर्षं गोळ्या पाकिटात भरणारी मशीन दुरुस्त करतेय, त्यामुळे मला सगळंच येतं असा त्यांचा समज आहे.

खोली मिळाली ती मोडके बाक ठेवायची. एक खिडकी, दोन प्लग, त्यातला एक नुसता शोभेचा. सातांपैकी एकालाही स्क्रू कुठल्या बाजूला पिळायचा ते माहीत नव्हतं. पण दादा, पोरं गोड आहेत. एक उंच मुलगी आहे, ती घरात आईवडिलांनाही कामं वाटून देत असावी, तिला सगळे कॅप्टन म्हणतात. रोबोटचा पकडायचा हात बनवणारा तो चिमटा. आणि प्रोग्रॅम लिहिणारी, सगळ्यांत बारकी, तिचं नाव पडलं स्वल्पविराम. सुरुवातीला प्रोग्रॅममध्ये एक स्वल्पविराम राहून गेला आणि रोबोट तीन दिवस जागचा हलेना. चौथ्या दिवशी तिनेच तो शोधून काढला आणि भर वर्गात एकटीच हसत सुटली.

स्पर्धा अशी असते: पहिले तीस सेकंद रोबोटने आपला आपण चालायचं, मग दोन मिनिटं मुलांनी चालवायचं. चेंडू उचलून डब्यात टाकायचे. शनिवारी सकाळच्या चार सामन्यांपैकी तीन जिंकलो. पहिल्याच वर्षी, विचार कर. दुपारी बाद फेरी. तिथे दोन-दोन शाळांची जोडी करतात. पहिल्या तीस सेकंदांत आमचा रोबोट जास्त वळला आणि जोडीदाराच्याच रोबोटवर जाऊन आदळला. त्यांचा हात मोडला. दोन्ही शाळा बाहेर.

प्रोग्रॅममध्ये एक आकडा चुकीचा पडला होता. मुलांचं वय लहान, घाईगडबड, असं व्हायचंच. पुढच्या वर्षी बघू.

वहिनींना सांग, त्यांनी विणलेला स्वेटर खोलीत फार उपयोगी पडला.

तुझी,
छोटी


सोमवार, १७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पत्र मिळालं. एवढं मोठं पत्र लिहिलंस आणि त्यात बातमी एका ओळीची, बाकी सगळे प्रश्न. गणिताच्या मास्तरांची खोड निवृत्तीनंतरही जात नाही हेच खरं.

तुझा मुख्य प्रश्न: सकाळी चार सामन्यांत नीट वळलेला रोबोट दुपारी एकदम का चुकला? मधे काय बदललं? ते आता मला आठवत नाही. तिथली मॅट गुळगुळीत होती, चाकं घसरत होती, बॅटरीही उतरली असेल. दहा कारणं असतात. मशीनचं तुला काय सांगू.

इकडे कारखान्यात ऑडिट आहे. ह्यांच्या पाठीला डॉक्टरांनी व्यायाम दिलेत, ते करत नाहीत. मी बोलते, ते ऐकत नाहीत, दोघांचाही वेळ बरा जातो.

टीमचं म्हणशील तर स्वल्पविराम येत नाही आता. अभ्यास आहे म्हणाली सरांना. तिची चाचण्यांची वही आणि खोलीची किल्ली परत देऊन गेली. बाकीची पोरं तिच्याबद्दल बोलत नाहीत. चिमटा तेवढा म्हणाला, "बरं झालं, आता दुसरं कोणी नीट लिहील." मी त्याला काही बोलले नाही.

बोलायला हवं होतं.

आज एवढंच. डोकं दुखतंय.

छोटी


रविवार, २ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं. "आठवत नाही असं तू लहानपणीही म्हणायचीस, आणि तेव्हाही तुला सगळं आठवत असायचं." एवढंच लिहिलंयस, खाली सहीसुद्धा नाही. चार दिवस ते डब्याच्या पिशवीत घेऊन फिरले. आता लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहायची नाही, म्हणून सलग लिहिते.

तो आकडा मी बदलला होता.

सकाळच्या सामन्यांत रोबोट वळताना थोडा कमी पडत होता. वळायचा आकडा, म्हणजे किती अंश वळायचं तो, होता अठ्ठ्याऐंशी. माझ्या नजरेला ते सारखं खुपत होतं. कारखान्यात मशीन असं अडखळलं की माझा हात आपोआप पुढे जातो. विचारायची सवयच नाही, कारण तिथे विचारायला कोणी नसतं. दुपारी मुलं जेवायला गेली. लॅपटॉप टेबलावर उघडा होता. स्पर्धेचा नियम स्पष्ट आहे, मोठ्यांनी रोबोटला आणि प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. तो कागद मीच खोलीच्या दारावर चिकटवला होता. तरी मी बसले, अठ्ठ्याऐंशीचे चौऱ्याण्णव केले, रोबोटमध्ये भरले आणि खुर्ची होती तशी सरकवून ठेवली. खुर्ची सरकवून ठेवली, दादा. म्हणजे मला कळत होतं मी काय करतेय ते.

आणि तिने तीच चूक आधीच पकडलेली होती. आकड्याला हात न लावता खाली एक ओळ घातली होती, की वळून झाल्यावर त्या आकड्याला किती कमी पडलं ते बघ आणि तेवढं पुढे वळ. तिचं वळण आधीच बरोबर भरून निघत होतं, त्यात माझे सहा वरून पडले, आणि रोबोट सरळ त्या दुसऱ्या पोरांच्या रोबोटात घुसला. त्यांची एक मुलगी मोडलेला हात दोन्ही हातांत धरून उभी होती. रडतही नव्हती.

आमची सातही जणं लॅपटॉपभोवती जमली. स्वल्पविरामने प्रोग्रॅम उघडला. चौऱ्याण्णवकडे बघत राहिली. कॅप्टन म्हणाली, "हे कोणी लिहिलं?" स्वल्पविराम म्हणाली, "मीच लिहिलं असेल."

मी तिच्या मागेच उभी होते. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "असू दे. पुढच्या वेळी नीट तपासून बघत जा."

हे वाक्य मी म्हटलंय. मी. झोपेतून उठले की आधी तेच कानात येतं.

नंतरचे पंधरा दिवस मी स्वतःची समजूत घालत होते. थोडी तिचीही चूक असेल. मॅटही होतीच ना. तुला लिहिलं तेच स्वतःला सांगत होते. मग एके दिवशी सरांच्या टेबलावरची तिची वही उचलली. शेवटच्या पानावर तिच्या बारीक अक्षरात: "दुपारी १२.१०. वळण दुरुस्त केलं. सरावाच्या मॅटवर तीन चाचण्या, तिन्ही बरोबर." मी लॅपटॉपला हात लावला तेव्हा पावणेएक वाजला होता. मी काहीच केलं नसतं, चहा पीत बसले असते, तर ती पोरं जिंकली असती. निदान हरली तरी आपल्या बळावर हरली असती.

वही बॅगेत घालून शुक्रवारी तिच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेर चपलांचा ढीग. आई शिवणयंत्रावर होती. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, "मॅडम, हिची काही तक्रार आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, माझी आहे." तिला काही उमगलं नाही. तिने मुलीला हाक मारली आणि शिवण तसंच ठेवून आत गेली.

मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"मला माहीत होतं, मॅडम."

"कधीपासून?"

"तेव्हाच. फाइलवर वेळ येते ना. पावणेएक. तेव्हा मी जेवणाच्या रांगेत होते. लॅपटॉपपाशी फक्त तुम्ही थांबला होतात."

"मग सगळ्यांसमोर स्वतःवर का घेतलंस?"

ती खाली बघून नखाने टेबलाची कड खरवडत होती. "मला वाटलं, तुम्ही सांगाल. मी म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, आणि सर म्हणाले असते, टीमच बंद करा. म्हणून म्हटलं, आत्ता नको, उद्या त्या सांगतील. मग सोमवारी वाट बघितली. मग बुधवारी."

"आणि मग?"

"मग किल्ली देऊन टाकली."

दादा, ती चिडली असती, रडली असती तरी मला काही करता आलं असतं. ती मला समजावून सांगत होती, एखादं गणित सांगावं तसं.

मी माफी मागितली. तिने मान हलवली. ती मान "ठीक आहे" म्हणून नव्हती, "ऐकलं" एवढ्यासाठीच होती. मी ते ओळखते.

काल शनिवारी खोलीत सगळ्यांना सांगितलं. सरही होते. चिमटा बोलला ते असं: "म्हणजे महिनाभर आम्ही तिच्याशी बोललो नाही, ते तुम्हाला दिसत होतं." प्रश्न नव्हता तो. मी हो म्हटलं. कॅप्टनने बॅग उचलली आणि तिच्या घरी जायला निघाली, तिच्यामागे बाकीचे. खोलीत सर आणि मी उरलो. सर म्हणाले, "तुमच्याशिवाय ही टीम उभी राहिली नसती हेही खरं आहे." मी म्हटलं, "सर, ते आज नको." स्पर्धेच्या लोकांना आणि त्या दुसऱ्या शाळेच्या बाईंना पत्रं लिहून दिली. त्या शाळेला उत्तर द्यायची काही गरज नाही, आणि त्यांनी दिलं नाही तर ते बरोबरच आहे.

संध्याकाळी कॅप्टनचा निरोप आला. स्वल्पविराम येणार आहे. अट एकच, मी असेन त्या दिवशी नाही. सरांना वाईट वाटलं, मला नाही. मंगळवार आणि गुरुवार तिचे, मी जायचं नाही, असं ठरलं. उरलेल्या दिवशीही पोरांनी बोलावलं तरच जाईन. मशीन कसं दुरुस्त करायचं ते मी त्यांना शिकवलं. बाजूला कसं उभं राहायचं ते मला अजून कोणीतरी शिकवायचं राहिलंय.

तुझ्याशी दोनदा खोटं बोलले, त्याचीही माफी मागायची आहे, पण ते शेवटी लिहितेय यावरूनच माझं काय चाललंय ते तुला कळेल. तू चार माणसांत माझं कौतुक करतोस, "आमच्या छोटीने पोरांना रोबोट बनवायला शिकवलं" म्हणून. आता कोणी विचारलं तर सांग, रोबोट पोरांनी बनवला, आणि त्यातल्या एकीचं काम छोटीने बिघडवलं आणि तिलाच बोल लावला. एवढं एकदा मोठ्याने सांग. मग माझ्याशी बोलावंसं वाटलं तर लिही.

तुझी बहीण