एकच पुढची जागा

३ नोव्हेंबर, सोमवार

मुलाकडून, परदेशातून परत येऊन सहा दिवस झाले, अंग अजून तिकडेच आहे. भरदुपारी डोळे मिटतात, जेवणाच्या वेळी भूक नाही. सु. मात्र पहिल्या दिवसापासून इंदिरानगरची झाली. दूधवाला, कामवाली, गॅसचा नंबर, सगळं सुरू.

समोरच्या देशमुख वहिनी आल्या होत्या. सु. सांगत होती, "मे महिन्यात जाताना आम्ही पुढच्या वर्गात होतो ना! खुर्चीचा चक्क पलंग होतो. आमच्या अजूने त्याचे विमानाचे पॉइंट वापरून करून दिलं."

"दोघांचं?"

"दोघांचं," सु. म्हणाली. जराही अडखळली नाही.

मी आतल्या खोलीत पेपर धरून. सरळ धरला होता, पण एक ओळ वाचली नाही.

जागा एकच होती.

५ नोव्हेंबर, बुधवार

पाटणकर आले. ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस, त्यामुळे कोणी परदेशातून आलं की यांना वास येतो. १६ तारखेच्या सभेला मधुमेहाचे डॉक्टर येणार होते, ते येत नाहीत. "सर, तुम्ही बोला. आपल्याकडे सगळ्यांची पोरं बाहेर, पण आईबाप जातात मागे गुडघे दुमडून. पुढे पाय पसरून गेलेले तुम्हीच. फक्त विमान उंच गेलं म्हणून भाषण लांबवू नका."

हो म्हणालो. वर नावही सुचवलं, 'ढगांवरची शेज'. पाटणकर खूश. फळ्यावर रंगीत खडूने लिहिणार आहेत.

नाही म्हणता आलं असतं. तोंड उघडलं ते शीर्षकासाठी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज लिहून टाकतो. मे महिन्यापासून ही वही टाळतोय.

अजूला पुढची एकच जागा मिळाली होती आणि ती त्याने आईच्या नावावर केली होती. फोनवर स्पष्ट बोलला होता, "आईचे पाय सुजतात, सोळा तास आहेत बाबा." विमानतळावर सु. म्हणाली, "अहो, मला ती बटणं कळायची नाहीत. आधी तुम्ही बसा. अर्ध्या वाटेत बदलू."

'छे, तुझी जागा आहे' असं एकदा तरी म्हणायचं असतं. मी म्हणालो, "नक्की ना?" आणि तिने मान हलवायच्या आत बॅग उचलली.

विमानातल्या सेविकांमधल्या वडीलधाऱ्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, बसा तुम्ही. आठेक तासांनी हवं तर बदला, पण मग पुन्हा नाही.

काय सांगू ते सुख! गरम ओला रुमाल. ताटाखाली पांढरं स्वच्छ कापड. मीठ-मिऱ्याच्या बोटाएवढ्या बरण्या. जेवायला काय हवं याचं छापील पत्रक, हातात देऊन वर ती वाढणारी मुलगी 'मिस्टर भालेराव' म्हणते. एक बटण चुकीचं दाबलं तर पाय वर आणि डोकं खाली. ती हसली, मीही हसलो. मग तिने गादी घालून दिली.

दिवसाउजेडी निघालो होतो. खिडकीची काच निळसर केलेली, तिच्यातून खाली ढग. तेहतीस वर्षं पाचवीला ढगांची कविता शिकवली, फळ्यावर ढग काढले, पण नेहमी खालून दिसतात तसे. वरून कधी काढले नाहीत. आडवा झालो आणि ती कविता आपोआप चालीत सुरू झाली. माझ्या आवाजात नाही, पोरांच्या. पुढच्या बाकावरची ओरडून म्हणणारी, मागची नुसते ओठ हलवणारी. ती संपली की सहावीची. मग सातवीची, ती चंद्राची. कुठे अडलो नाही. इतका आनंदात मी निवृत्तीनंतर कधी नव्हतो.

मधेच त्या मुलीचा हळू आवाज. सर, मॅडम आल्यात.

डोळे मिटलेले होते. मिटलेलेच ठेवले.

ती पुन्हा म्हणाली, "सर?"

मग सु.चा आवाज, पडद्याजवळून. "असू दे. झोपू दे त्यांना."

पडदा सरकल्याचं ऐकलं. दहापर्यंत मोजलं. आणि कविता जिथे सोडली होती त्याच ओळीपासून पुढे म्हणायला लागलो.

उतरल्यावर मीच तिला म्हणालो, "उठवायचं नाही का मला?" चिडून म्हणालो.

८ नोव्हेंबर, शनिवार

येताना पॉइंट नव्हते, दोघे मागे. मी मधल्या खुर्चीत. सु.ने बसल्याबरोबर चपला काढल्या, उतरताना त्या पायात जाईनात. हातात घेऊन अनवाणी निघाली, मग वाटेत एका खुर्चीवर बसून कोंबल्या.

सोळा तास म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

~~तोवर कळलं नव्हतं.~~ खोडतो. कळलं होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घोटीहून मालूताई आल्या. मे महिन्यात विमानात सु.च्या शेजारी यांची खुर्ची होती, लेकीकडे चालल्या होत्या. तेव्हापासून दोघींचे फोन चालतात. मी त्यांना आज पहिल्यांदा नीट पाहिलं. एसटीने आल्या, पिशवीत नवा इंद्रायणी तांदूळ. घरभर वास.

सु. चहा टाकायला आत गेली. मालूताई माझ्याकडे बघून हसल्या.

"गुरुजी, तुमची झोप लय गाढ बुवा."

मी म्हणालो, "हो, जरा."

"जरा कशाची! बाई घड्याळ मांडीवर घिऊन बसल्या व्हत्या. आठ तास झाले की माझी पाळी, म्हनल्या. तासभर आधी ते चिमणं बाथरूम असतं ना, तिथं जाऊन केस इंचरून आल्या. टिकली बदलली. पिशवीतून नवी शाल काढली, जांभळी. मी म्हनलं, काय ओ बाई, नवरीवानी! तर म्हनल्या, तिथं सगळे नीटनेटके असत्याल, आपण बरं दिसाया पायजे. सगळ्या गोळ्या-औषधं पर्सात भरून गेल्या. मला टाटा करून गेल्या!"

"मग?"

"मग काय, पाच मिन्टात परत. शाल घडी करून पिशवीत. म्हनल्या, गाढ झोपलेत हो, बरं झालं, त्यांना घरी झोप नसते. मग आम्ही डिंकाचा लाडू खाल्ला दोघींनी."

आतून सु.ने विचारलं, "मालूताई, साखर किती?"

"घाला दोन चमचे, मला काय नाय झालेलं अजून!"

मी तांदळाची पिशवी उचलून आत नेली. कोणी सांगितलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर

कपाट उघडून बघितलं. जांभळी शाल आहे, तिच्या साड्यांच्या खाली. घडी दुकानातली वाटते. मेन रोडवरून आणली होती, मीच बाहेर पायरीवर बसलो होतो, कंटाळून.

तिच्या अंगावर कधी पाहिली नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाटणकरांना फोन केला. म्हणालो, घसा बसलाय. म्हणाले, "आत्ता तर खणखणीत आहे. सर, पंचेचाळीस जणांनी नावं दिलीत. चहाबरोबर सामोसे सांगितलेत."

ठेवून दिला.

१६ नोव्हेंबर, रविवार

बोललो. चांगलं बोललो, हेच वाईट. ढग, वरून दिसणारं जग, कवितांची पोरांच्या आवाजातली ती रांग. लोक डोळे मिटून ऐकत होते. एक जुना विद्यार्थी, आता स्वतःच निवृत्त, पुढे येऊन पाया पडला. सांगता सांगता विमानातल्या त्या पडद्यापाशी येऊन थांबलो आणि पुढचं वाक्य ओठांपर्यंत आलं. दुसऱ्या रांगेत सु. बसली होती. मी सामोशांकडे बघून म्हणालो, "वेळ झाली."

पाटणकर कसले सोडतात. "वहिनी, तुम्हीही दोन शब्द सांगा!"

ती उठली. पदर सावरला. "झोप छान लागली. पांघरूण अगदी मऊ. आणि पडदा ओढला ना, की एकदम शांत."

टाळ्या.

पडद्याचं तिला तेवढंच माहीत, ओढला जातो एवढंच. तेही बाहेरून.

रिक्षात विचारलं, "असं का सांगितलंस?"

"मग काय सांगायचं होतं?"

"खरं."

ती बाहेर बघत म्हणाली, "नारळ नीट धरा, घरंगळतोय."

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज सांगितलं. ती मेथी निवडत होती. समोर बसलो आणि वर्गात पाठांतर म्हणून दाखवावं तसं एका दमात म्हणालो: मी जागा होतो, तुझा आवाज ऐकला, मुद्दाम डोळे उघडले नाहीत.

तिचा हात थांबला नाही.

"काहीतरीच. घोरत होतात तुम्ही."

"अगं, नव्हतो घोरत. शुद्धीत होतो."

"मी ऐकलं ना स्वतः. चव्वेचाळीस वर्षं ऐकतेय, मला कळायचं नाही होय?"

"सुमन, मी जागा होतो."

"घोरत होतात." जुडीतली अर्धी मेथी माझ्यापुढे सारली. "हे निवडा. देठ टाकू नका सगळे."

निवडली.

मी घोरत नव्हतो हे मला पक्कं माहीत आहे. मग तिने काय ऐकलं? की ऐकलंच नाही, आणि हे घोरणं तिने परत खुर्चीकडे जाता जाता तयार केलं, त्या पाच मिनिटांत? आणि सहा महिने सांभाळलं? माझ्यासाठी की स्वतःसाठी? शाल नेसून, टिकली लावून गेलेल्या बाईला झोपलेला नवरा चालतो. जागा असलेला

(इथे थांबतो.)

२० नोव्हेंबर

'शाल नेसून' लिहिलंय काल. शाल पांघरतात. विद्यार्थ्याच्या वहीत असतं तर लाल गोल काढला असता. राहू दे तसंच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अजूचा व्हिडिओ कॉल. सूनबाईला, नेहाला, मार्चमध्ये दिवस भरतायत, आम्ही फेब्रुवारीत यावं म्हणतो. तिकिटं आत्ताच काढली तर जाताना पुन्हा एक पुढची जागा मिळतेय. एकच.

"आईच्याच नावावर टाकतो. आई, गेल्या वेळी नीट झोपली होतीस ना? तू नंतर काही बोललीच नाहीस."

"झोपले की रे. मस्त."

म्हणजे त्यालाही खरं सांगितलेलं नाही. पाच महिने त्याच्या घरात राहिलो, त्यालाही.

मी म्हणालो, "ती बसली नव्हती. मी बसलो होतो. पूर्ण वेळ."

पडद्यावर तो हलेना. वाटलं, नेट गेलं.

"अरे, यांना झोप लागली होती, मी म्हटलं कशाला उठवा—"

"नव्हती लागली," मी म्हणालो.

अजू म्हणाला, "बाबा?" एवढंच. मग नेहाने त्याला काहीतरी विचारलं, तो बाजूला बघून उत्तर देत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग, "बरं. उद्यापर्यंत नक्की करून कळवा नाव. ठेवतो."

सु. उठून गॅलरीत गेली. मला वाटलं, सुटलो. खरंच तसं वाटलं, दोन-तीन मिनिटं. मग ती आत आली.

"माझ्या पोरासमोर मला खोटं पाडलंत."

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून अबोला. चहा मिळाला, कप जरा जोरात ठेवला गेला. पेपर वाचला. पाटणकरांनी भाषणाचा फोटो पाठवलाय, फळ्यावर 'ढगांवरची शेज', गुलाबी खडूने, खाली मी हात पसरून.

ती म्हणते ते खरं आहे. मला हलकं व्हायचं होतं. मे महिन्यात गादी तिची घेतली आणि काल तिने माझ्यासाठी रचलेली झोपेची गोष्ट घेतली. दोन्ही वेळा तिला न विचारता.

अजूला नाव कळवलं: सुमन. त्याचं 'ओके' आलं. एरवी 'ओके बाबा' लिहितो.

संध्याकाळी मालूताईंच्या तांदळाचा भात. आसट, गोडसर. ती वाढत होती. मीच बोललो, "नाव कळवलं, तुझं. या वेळी पूर्ण सोळा तास तुझे."

भातावर वरण घातलं. तूप घातलं. मग म्हणाली, "अर्ध्या वाटेत तुम्ही यायचं."

"मला नको ती जागा. खरंच नको."

"जागा देते असं कोण म्हणतंय? यायचं. त्या मुलीला सांगायचं, बायकोला बोलवा. आणि पडद्यापाशी उभं राहायचं."

"आणि तू?"

"ते मी तेव्हा बघेन," सु. म्हणाली. "जेवा."