तीन पानांची काळी पेटी

मी, सरला बाळकृष्ण टिपणीस, माहेरची उत्तरा दामले, वय एकोणऐंशी, निवृत्त लॅब टेक्निशियन, राहणार बॉथेल, वॉशिंग्टन, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाशिवाय आणि बऱ्याच संतापात हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. इंग्रजी प्रत वकीलबाईंकडे आहे. ही माझ्या शब्दांत.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा अमित याला. बुटांचं एक रिकामं खोकंही अमितलाच. कारण पुढे येईल.

२. काळी जपानी पेटी. खटाटोप हिच्यासाठी आहे. माझे यजमान कै. बाळकृष्ण यांनी ती १९८१ साली सिएटलमध्ये एका घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत घेतली. आरशासारखं लॅकर, झाकणावर सोनेरी वर्तुळात तीन पानं. "सरला, बेल! महादेव आपल्याआधी अमेरिकेत पोचलाय," म्हणाले आणि त्याच संध्याकाळी आमचे देव त्या पेटीवर बसले. त्रेचाळीस वर्षं आम्ही त्या पानांना गंध लावलं.

३. यंदा मार्चमध्ये माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर ढकलत घरी आले, तर देव बुटांच्या खोक्यात आणि पेटीसमोर भिंग घेऊन एक तज्ज्ञ.

"आई, रिलॅक्स. नुसतं अप्रेझल आहे. ऑक्शनला चांगली जाईल," अमित म्हणाला.

तज्ज्ञाने सांगितलं की पानं बेलाची नाहीत. ती आओई नावाच्या रोपाची, एकेकाळी जपानवर राज्य करणाऱ्या तोकुगावा घराण्याचं चिन्ह. पेटी त्या घरच्या एका मुलीच्या लग्नातली. सासरी जाताना ती माहेरचं चिन्ह सोबत घेऊन गेली.

अमितची मुलगी रुही तिथेच होती. "म्हणजे तिला ते ठेवता आलं? आजी, तू काय नेलंस?"

"नाव. तेही उंबरठ्याच्या आत काढून घेतलं."

मग तिला सांगितलं. सासूबाईंना 'उत्तरा' जड वाटलं, म्हणून ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने 'सरला' लिहिलं गेलं. मला कोणी विचारलं नाही. कॉन्व्हेंटमधल्या आयरिश सिस्टर अ‍ॅग्नेसने अकरा वर्षं माझं नाव नीट उच्चारलं. ती परकी होती.

"दॅट्स मेस्ड अप, आजी," रुही म्हणाली. छप्पन्न वर्षांत इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं.

४. म्हणून पेटी रुहीला. देवही तिलाच, तिने नमस्कार केला नाही तरी ते रागावणार नाहीत, मला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. पेटीला ऊन, ओलं फडकं आणि खोबरेल लावू नये. पानांवरचा गंधाचा डाग काढू नये. ती बाळकृष्णांची चूक आहे आणि मला प्रिय आहे. अमितने किंवा त्याच्या तज्ज्ञाने पेटीला हात लावायचा नाही.

५. पेटी देताना ताटात तांदूळ पसरावेत. रुहीने त्यावर माझं नाव लिहावं. कुठलं, ते तिला माहीत आहे. तिचं मराठी अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, तरी कोणी सुधारू नये. नंतर त्याच तांदळाचा भात करून सगळ्यांनी जेवावं. अमितने दोनदा वाढून घ्यावा.

वकीलबाई म्हणाल्या, दोन्ही नावं वर लिहिली आहेत, त्यामुळे सही कुठल्याही नावाने चालेल. हे छप्पन्न वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं.

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही आणि तरीही जे चहाला थांबले:
१. नीलांबरी रेगे
२. प्रसन्न आठल्ये

बॉथेल, १४ ऑक्टोबर २०२४

सही: उत्तरा दामले