चाळीस प्रश्नांना ‘नाही’

रिहे, ता. मुळशी
१२ ऑगस्ट २०२४

चि. प्रियदर्शिनीस दादाचा जयभीम.

भातलावणी आटोपली. तुझी वहिनी लेकीकडं जांब्यालाच हाय, लावणीलाही आली न्हाई. लढाईहून परतलेल्या फौजींच्या शरीर-मनाच्या दुखण्यांवर संशोधन करणाऱ्या आरोही डॉक्टर पौडहून आल्या होत्या. चाळीस प्रश्न. सगळ्यांपुढं ‘नाही’ लिहून दिलं. पोटात आग पडते, पण ती तिखटानं. त्रास असेल त्यालाच उपचाराला बोलावणार म्हणे. सुटलो.

तुझा दादा,
वाल्मीक

नागपूर
२१ ऑगस्ट २०२४

प्रिय दादास सविनय जयभीम, वि. वि.

चाळीसपैकी चाळीस! माझ्या संस्कृतच्या वर्गात असा निकाल लागला, तर मी आधी कॉपी शोधते. तिखटाचं म्हणशील, तर वहिनी गेल्यापासून तू दूधभातावर आहेस, हे आधीच्या पत्रात तूच लिहिलं होतंस. तेव्हा हा ‘नास्ति नास्ति’ जप पुरे.

कारगिलहून आलास, तेव्हा फोनची घंटी वाजली की ताटावरून उठून भिंतीला पाठ लावायचास. आईनं फोनच काढून टाकला आणि पाहुण्यांना सांगितलं, आमच्या वाल्मीकला पत्रांची हौस. पंचवीस वर्षं मीही शाळेत मिरवते, आम्ही भावंडं किती रसिक! दादा, तुझं दुखणं आम्ही कौतुकाखाली झाकलं. चूक माझीही आहे.

तो कागद बदलून दे.

लोभ आहेच, राग आला तर तोही कळव.

तुझी,
प्रियदर्शिनी

रिहे
९ सप्टेंबर २०२४

चि. प्रियदर्शिनीस जयभीम.

राग आला. आठ दिवस पत्र गादीखाली ठेवलं. मग एस्टीनं पौडला गेलो. डॉक्टरबाईंनी कागद परत दिला, पण हात चालंना. काका, तोंडी सांगा म्हणाल्या. तेही जमंना. मग त्यांनी विचारलं, घरचं कुणी सांगणारं हाय का. तुझ्या वहिनीचं नाव तोंडावर आलं. पण तिला मी यातलं काहीच कधी सांगितलं न्हाई. ती का गेली, तेही विचारलं न्हाई. तुझं नाव दिलं.

पुढल्या गुरुवारी, १९ तारखेला, अकरा वाजता त्या तुला फोन करतील. बघितलंस ते सगळं सांग. मी तितंच बसून ऐकणार हाय. आणि मी मधेच उठून गेलो, तरी तू थांबू नकोस.

माया हाय तशीच राहू दे.

वाल्मीक