या वेळी फोन करू नका

बाबा,

मुलाखतीला निघालोय. तुमचे काळे बूट घातलेत, माझ्या बुटांनी राम म्हटला. सैल होतात, म्हणून पुढे कागद कोंबलाय.

हात जोडतो, या वेळी तिथे फोन करू नका. मागच्या खेपेला तुम्ही साहेबांना सांगितलंत, "पोरगा गुणी आहे, फक्त सकाळी हाका माराव्या लागतात." तिथली नोकरी तिथेच राहिली.

आणि मी परत आलो की टीव्ही बंद करून ताईला गप्प बसवू नका. घरात कुणी गेल्यासारखं वाटतं. दोघं रोजच्यासारखं खुशाल भांडा. नाही म्हणाले तर उद्या दुसरं दार ठोठावीन. बूट तोवर माझ्याकडेच.

तरीही राहवलं नाही आणि फोन केलातच, तर एवढंच सांगा: आज पोरगा हाक न मारता उठला.